काळ्या घळीतला शेवटचा घाव

१

शनिवारी सकाळी चॅपेलमधल्या काचेच्या पेटीतून लाकडाचा एक तुकडा नाहीसा झाला, आणि हार्कसाइडमध्ये कित्येक वर्षांनी काहीतरी घडलं.

तसा तो तुकडा म्हणजे काहीच नाही. वीतभर लाकूड, हंसाच्या पंखासारखं एका बाजूला वळलेलं, टोकाला सुई मावेल एवढं भोक, आणि अंगावर कोरलेला पत्त्यातल्यासारखा बदाम. आमच्या खोऱ्यात पूर्वी ही दांडी कमरपट्ट्यात खोचायचे आणि विणायची सुई त्या भोकात रोवायचे, म्हणजे एक हात सुटा राहायचा. चालता चालता मोजा विणून व्हायचा. शिशाच्या खाणीवर जाणारे बाप्येसुद्धा डोंगर चढताना विणत जायचे. खाणीनं पोट भरत नसे, मोज्यांनी निदान मिठाची सोय होई.

"काल संध्याकाळी फडकं मारलं तेव्हा होती," लेटिस पीकॉक म्हणाली. लेटिसनं गावातल्या तीन पिढ्यांना पाढे शिकवले, आणि शाळा बंद पडल्यापासून ती चॅपेलच्या कोपऱ्यातलं हे इवलंसं संग्रहालय सांभाळते. "आणि मेल्यानं नेली ती नेमकी एडनाचीच! बाजूला चांदीचं घड्याळ आहे, त्याला हात नाही लावला."

"घड्याळ बंद आहे," मी म्हणालो.

"तू गप्प बस क्लिफर्ड."

मी क्लिफर्ड कोट्स. चॅपेलचा खजिनदार आणि गावातल्या एकुलत्या एक दुकानाचा मालक. दोन्ही ठिकाणी आवक बेताची, त्यामुळे फावल्या वेळात मी माणसांचा जमाखर्च मांडतो. लेटिसच्या जमेला प्रामाणिकपणा आणि खर्चाला जीभ. अजून शिल्लक आहे.

लाकडाच्या तुकड्यासाठी कुणी एवढं हळहळलं नसतं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी चॅपेलची सभा होती. काळ्या घळीच्या खाणीत सव्वाशे वर्षांपूर्वी पाणी फुटून चार माणसं मेली. त्यांच्या नावाचा दगड आता कुठे बसत होता, आणि त्या चारांपैकी तिघांचीच नावं त्यावर कोरली होती. चौथा सिमियन रॉ. भिंतीपलीकडे जुन्या, सोडून दिलेल्या खोदाईतलं पाणी साठलंय, थांब, असं सांगूनही त्यानं हसत टिकाव मारला आणि सगळ्यांना बुडवलं, असं आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. त्याची विधवा मर्सी दोन पोरं घेऊन डोंगर ओलांडून गेली आणि लँकेशरच्या गिरण्यांत नाहीशी झाली.

आता त्याची पणती आली होती. एडना रॉ, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गिरणीतल्या कापसानं छाती भरलेली, घराण्यातली शेवटची. तिच्या घरी 'आपण कुठले?' असं विचारलं की बाप म्हणे 'डोंगरापलीकडचे', आणि दार लावून घेई. बाईनं अर्धं आयुष्य घालवून ते दार उघडलं आणि आत आम्ही निघालो. वसंतात तिनं ही दांडी आम्हाला टपालानं भेट पाठवली. ऑगस्टमध्ये स्वतः आली. तिचं मागणं एकच होतं, पणजोबाचं नाव दगडावर यावं. ते त्या सभेत ठरायचं होतं.

"पोलीस बोलवायचे?" मी विचारलं.

"लाकडासाठी? हसतील. सार्जंटला बोलव."

सार्जंट बर्नार्ड स्पेन्सली निवृत्त होऊन कांद्याच्या पाती वाढवत होता. जमेला डोकं आणि खर्चाला गुडघे. तो आला, खुर्चीवर टेकला आणि पेटीकडे एवढा वेळ पाहत राहिला की मला वाटलं डोळा लागला. कुलूप शाबूत होतं. किल्ली नेहमीसारखी स्तोत्रांच्या पुस्तकांमागे लटकत होती.

"म्हणजे चोर बाहेरचा नाही," तो कंटाळून म्हणाला. "बाहेरचा असता तर किती बरं झालं असतं."

२

त्या उन्हाळ्यात पाऊस पडलाच नव्हता. चॅपेलच्या खिडकीतून महिनोन्महिने ऊन आत येत होतं आणि पेटीतलं निळं मखमल पांढुरकं पडलं होतं. जिथे दांडी ठेवलेली होती तिथे मात्र तिच्या आकाराचा गडद निळा डाग राहिला होता.

"बाई, तुमच्या आजीची दांडी आहे ना घरी? आणता जरा?"

लेटिस घेऊन आली. सार्जंटनं ती बदाम वर येईल अशी त्या डागावर ठेवली. ती बसेना. डागाचा पंख एका बाजूला वळत होता, हिचा दुसऱ्या.

"एडनाची पण बदाम वर करूनच ठेवली होती?"

"मग काय पालथी ठेवीन?" लेटिस म्हणाली. "हातानं केलेल्या वस्तू. प्रत्येक वेगळी."

"हं," सार्जंट म्हणाला. "आणि ही चिठ्ठी कुणाची?"

'मर्सी रॉ हिची विणकामाची दांडी', लेटिसच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

"पोरगा पोरीला कोरून देतो, हे काय तुला शिकवायचं, बर्नार्ड? बदाम असला की दांडी बायकोची. आमच्यात हाच रिवाज."

"एडनाबाईंनी सांगितलं तसं?"

लेटिस थबकली. "तिनं नुसतं 'आमच्या घरची' लिहिलं होतं. पुढचं मला कळत नाही का?"

"कमरेला कशी खोचायची हो?"

"अशी," म्हणून तिनं उजव्या कमरेवर थाप मारली. "काय पोरखेळ चाललाय!"

बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "सरळ आहे सगळं. रॉबर्ट हार्करनं नेली. बाईची या गावातली एवढीच खूण, ती गेली की तिचं पाऊल उखडलं."

"सरळ असेल," सार्जंट म्हणाला. "पण रॉबर्टचं घर चढावर आहे. ते काही सरळ नाही."

३

रॉबर्ट हार्कर चॅपेलचा विश्वस्त. जमेला मेंढ्या, खर्चाला पूर्वज. काळ्या घळीत पाच भागीदार होते. चार मेले आणि पाचवा जॉस हार्कर वाचला तो याचा पणजोबा. सिमियनची गोष्ट सांगितली ती जॉसनं. मेलेल्यांत जॉसचा बाप आयझॅकही होता, त्यामुळे त्याच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नाही. उरलेले दोघे कीर्टन बंधू. त्यांचं नाव सांगणारं आता कुणी नाही.

रॉबर्ट अंगणात रिकाम्या टाकीकडे बघत उभा होता.

"मी नाही चोरली," आम्ही फाटक उघडायच्या आत तो म्हणाला. "क्लिफ, तुझ्या तोंडावरच लिहिलंय. मला मेंढ्यांना पाणी पुरत नाही, मी लाकडं चोरत बसू?"

"तू नावाला विरोध केलास," सार्जंट म्हणाला.

"आईला शब्द दिलाय. ती गेली, शब्द राहिला. खरं सांगू? वीट आलाय मला. शिळ्या कढीला किती ऊत आणायचा? पण मी मागे सरलो तर जॉस खोटा ठरतो. आणि जॉस आणि सिमियन जोडीदार होते रे! बोगद्याच्या टोकाशी दोघं मिळून खोदायचे, खाणीवरच्या खोलीत एका अंथरुणात झोपायचे. अशा माणसाबद्दल कोण खोटं बोलेल?"

"पाणी फुटलं तेव्हा जॉस टोकाशी नव्हता?"

"मागे गाडी ढकलत होता, म्हणून वाचला."

आत त्याच्या बायकोनं चहा आणि फळांच्या केकवर चीजची चकती ठेवून दिली. चुलीवरच्या भिंतीला चामड्याचे दोन जाड तुकडे टांगलेले होते, काळे पडलेले, पट्ट्यांसकट. गावातल्या प्रत्येकाला ते दाखवून झालंय, मला तर मोजता येणार नाही इतक्यांदा.

"आयझॅकचे," रॉबर्ट म्हणाला. त्याचा आवाज आपोआप चॅपेलमधला झाला. "इतका भक्त माणूस, की गुडघ्यांना चामडं बांधून प्रार्थनेला बसायचा. धुळीनं छाती गेल्यावर खाणीत उतरणं सोडलं होतं त्यानं. वरती शिसं धुवायच्या जागी असायचा. त्या दिवशी पोरांना सावध करायला आत गेला आणि संपला. चामडं अंगावरच होतं."

"गुडघ्यांवर बांधलेलं?"

"म्हटलं ना, भक्त माणूस."

सार्जंटनं केक चघळत भिंतीकडे पाहिलं. "ती दांडी कमरेला कशी खोचतात रे?"

रॉबर्टनं उजव्या कमरेवर हात ठेवला. "अशीच ना? आजी खोचायची. का?"

"सहज."

फाटकाबाहेर आल्यावर सार्जंट बराच वेळ गुडघा चोळत उभा राहिला. "क्लिफ, तुझी प्रार्थना गुडघ्यावर किती वेळ चालते?"

"पाद्री बघत असला तर थोडा जास्त."

"चामडं लागेल इतका?"

४

टॉम रुकिन पाथरवट. बोलणं भरपूर, हात सावकाश. दगड त्याच्या आवारात उभा होता. आयझॅक हार्कर, एमॉस कीर्टन, ल्यूक कीर्टन. नावं दगडाच्या वरच्या बाजूला गोळा झाली होती आणि खाली बरीच जागा मोकळी पडली होती.

"माप चुकलं?" मी विचारलं.

"माझं माप चुकत नाही," टॉम म्हणाला आणि विषय बदलला. "चोरीचं ऐकलं. मला काय करायचीय दांडी? मी विकतचे मोजे घालतो."

"किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे," सार्जंट म्हणाला.

"पेटी मीच भिंतीला ठोकली. एडनाबाईंनासुद्धा माहीत आहे, लेटिसनं माझ्यासमोर दाखवली. सगळ्यांनाच धरा!"

"दगड कुठून आणलास?"

"काळ्या घळीच्या तोंडाशी पडला होता. आणि सार्जंट, एक गंमत. एरवी बोगद्यात गुडघाभर पाणी असतं, यंदा ठणठणीत. मी गेलो की आत, पार टोकापर्यंत! तिथला खडक मऊ, सुरुंग लावायची गरज नाही, नुसते टिकावाचे घाव. आणि उजव्या भिंतीवरचे सगळे घाव उलटे. डावीकडून उजवीकडे उतरणारे. डावखुऱ्या माणसाचे! शेवटपर्यंत!"

"हे कुणाला सांगितलंस?"

"गुरुवारी एडनाबाई दगड बघायला आल्या होत्या, त्यांना. बिचारी तिथेच खाली बसली. छातीचा त्रास फार आहे हो. पाणी दिलं मी."

"आणि रॉबर्टला?"

"तो कुठे थांबतोय ऐकायला? दगडाकडे बघतसुद्धा नाही."

सार्जंटनं डोळे मिटले. तो विचार करत होता की दमला होता हे मला कळलं नाही. त्याच्या बाबतीत दोन्हीची नोंद एकाच रकान्यात पडते.

एडनाबाई लेटिसकडेच उतरली होती. आम्ही गेलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती, मांडीवर विणकामाची पिशवी, पिशवीचं तोंड मुठीत. बुधवारी दुकानात आली तेव्हा गप्पांच्या भरात तिनं राखाडी मोजा टाचेपर्यंत आणला होता आणि उरलेली लोकर माझ्याकडूनच घेतली होती. आताही ती पिशवी तिच्याजवळ होती, पण सुया आतच.

"मोजा झाला का बाई?" मी विचारलं.

"हात दुखतात," ती म्हणाली.

सार्जंट तिच्यासमोर बसला. "वाईट वाटलं बाई, तुमच्या घरची वस्तू गेली."

"जाऊ दे. लाकूडच ते." श्वास घ्यायला ती थांबली. "शोधत बसू नका. उद्या तेवढं नाव घाला म्हणजे झालं. एवढी वर्षं मी गावंच्या गावं पालथी घातली, सार्जंट. कुठेही रॉ दिसला की आमचा का म्हणून विचारायचं. माणूस दमतो हो. आता मला कुठून तरी आलेली असायचंय, एवढंच."

"एक सांगा. ती दांडी कशी खोचायची? आम्हा पुरुषांना ठाऊक नसतं."

एडनाबाईचा हात डाव्या कमरेकडे गेला. मग थांबला, आणि हळूच उजवीकडे आला.

"अशी," ती म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी सार्जंटची बाही धरली. "ती? स्वतःचीच वस्तू? कशासाठी?"

"मला ठाऊक आहे कशासाठी," तो म्हणाला. "आणि तिची भीती खरी निघाली तर उद्या सभेत मी तोंड उघडणार नाही. पण आधी ते खरं आहे का, हे बघायला हवं. रॉबर्टला निरोप दे. सकाळी काळ्या घळीत ये म्हणावं. टिकाव घेऊन."

५

बोगदा एवढा अरुंद होता की मला अंग चोरून घ्यावंसं वाटलं. रॉबर्ट पुढे, मी दिवा घेऊन मध्ये आणि सार्जंट कण्हत मागे.

"माझा आजोबा इथला शेवटचा खाणकामगार," सार्जंट सांगत होता. "रॉबर्ट, त्या उजव्या भिंतीला चिकटून उभा राहा आणि मार."

रॉबर्टनं टिकाव उगारला. कोपर खडकावर आपटलं आणि तोंडातून जो शब्द आला तो विश्वस्ताला शोभणारा नव्हता.

"बघितलंस? उजव्या भिंतीशी उजवा हात उगारता येत नाही. म्हणून जोडीत एक डावखुरा असला की सोनं. दोघं शेजारी शेजारी मारू शकतात, उजव्या भिंतीशी डावखुरा आणि डाव्या भिंतीशी उजवा. सिमियन डावखुरा होता. ती दांडी डाव्या कमरेला बसायची, मखमलीवरचा डाग बघ हवं तर. आणि ती त्याची स्वतःची होती, बायकोची नव्हे; बायकोची असती तर ती लपवायचं एडनाबाईंना कारणच नव्हतं. स्वतःसाठी कोरली आणि वर बदामही कोरला. हौशी माणूस असणार."

"म्हणजे उजव्या भिंतीचे हे घाव त्याचे," रॉबर्ट म्हणाला. "शेवटपर्यंत. मग जॉस खरंच बोलला!"

"एडनाबाईंनाही तसंच वाटलं. टॉमनं सांगितलं की टोकापर्यंत डावखुऱ्याचे घाव आहेत. गावात सिमियन डावखुरा होता हे दाखवणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती तिनंच आम्हाला दिली होती. क्लिफ विचारत होता की दांडी गेल्यानं एडनाचं नुकसान कोण करतंय. मी विचारलं, दांडी राहिल्यानं कुणाचं नुकसान आहे? तुझं तर नाही रॉबर्ट. तू हे ऐकलं असतंस तर पेटीपाशी पहारा दिला असतास."

आम्ही टोकाशी पोचलो.

समोर खडकाची भिंत आणि भिंतीत भगदाड. मेंढी सहज शिरेल एवढं, कडा पाण्यानं घासलेल्या. ते मधोमध नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. ते डाव्या कोपऱ्यात होतं.

"डाव्या बाजूला," मी म्हणालो. "सिमियनच्या हातून इथे घाव बसणारच नाही."

"डावी बाजू जॉसची," रॉबर्ट हळूच म्हणाला. मग एकदम चिडला. "पण जॉस मागे होता! इथे असता तर पहिला तोच मेला असता!"

ते खरं होतं. एवढा वेळ वाकून सार्जंटचे गुडघे बोलायला लागले होते. तो भिंतीला धरून खाली सरकला आणि डाव्या बाजूला गुडघ्यांवर टेकला. क्षणभर मला वाटलं माणूस प्रार्थना करतोय.

"क्लिफ," तो म्हणाला, "दिवा खाली आण."

६

डाव्या भिंतीवरचे घाव बोगद्याच्या तोंडापासून डोक्याच्या उंचीवरून उतरत आले होते, लांब आणि खोल. उभ्या, दणकट माणसाचे. शेवटच्या हातभर जागेत ते एकदम खाली आले होते. गुडघ्यावर बसलेल्या सार्जंटच्या खांद्याशी ते सुरू होत होते, उथळ, आखूड, एकमेकांना चिकटून. कोंबडीनं टोचावं तसे.

"हा माणूस वेगळा," सार्जंट म्हणाला. "छाती गेलेला खाणकामगार उभ्यानं टिकाव उगारू शकत नाही. माझा आजोबासुद्धा शेवटी गुडघ्यावर बसून मारायचा. चामडं बांधून."

दिव्याची ज्योत फुरफुरत होती. रॉबर्ट त्या घावांकडे बघत उभा होता.

"सावध करायला गेलेला माणूस धावत जातो रॉबर्ट. गुडघ्यांना पट्टे बांधत बसत नाही."

"चामडं अंगावर होतं," रॉबर्ट म्हणाला. त्यालाच ते पहिल्यांदा ऐकू येत असावं. "कामाला बसला होता तो."

"जॉसच्या जागेवर. जॉस त्या दिवशी का आला नाही ते मला माहीत नाही आणि शोधणारही नाही. पोरगा आला नाही की बापानं त्याची जागा भरायची, नाहीतर भागीदारीतला वाटा जातो, हा इथला रिवाजच होता. जॉस येऊन बघतो तर बाप आपल्या जागेवर मेलेला. काय सांगेल माणूस? उरलेल्यांत बोट दाखवायला सोपा कोण? डावखुरा. तसंही त्याला अपशकुनीच मानायचे."

"एका अंथरुणात झोपायचे रे," रॉबर्ट म्हणाला, आणि टिकाव उचलून खाणीच्या तोंडाकडे चालू लागला.

सभेला अजून अवकाश होता. आम्ही तसेच चिखलाच्या बुटांनी लेटिसच्या घरात शिरलो आणि नवल म्हणजे ती बुटांवरून काही बोलली नाही. सार्जंट एडनाबाईसमोर बसला.

"बाई, पिशवी उघडा. मोज्याचा जीव गुदमरतोय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या रॉबर्टकडे पाहिलं. मग पिशवीतून दांडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"चोर म्हणा," ती म्हणाली. "परत मागितली असती तर तुम्ही कारण विचारलं असतं. मला वाटायचं, गावकऱ्यांनी उगाच आळ घेतला. एवढी पायपीट केली आणि हाती काय, तर आळ खरा होता. नाव मात्र तरीही हवं होतं. चुकलेल्या माणसालासुद्धा गाव असतं ना?"

"आळ खरा नव्हता बाई," सार्जंट म्हणाला. पुढचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण रॉबर्टनं टोपी काढून हातात घेतली आणि सगळं स्वतः सांगितलं. भगदाड, डावी बाजू, खाली आलेले घाव, चामडं. अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. जमेला आणखी एक रक्कम धरावी लागली मला.

एडनाबाईच्या छातीतली शिट्टी खोलीभर ऐकू येत होती.

"थांब म्हणून आयझॅकला सांगितलं असेल माझ्या पणजोबानं," ती शेवटी म्हणाली. "भिंत पोकळ वाजते म्हणून सांगितलं असेल. पण ऐकू आलं नसणार. छाती अशी झाली ना रॉबर्ट, की माणसाला आपला श्वासच एवढा वाजतो... मागचं कुणाचं ऐकू येत नाही. भिंतीचं तर नाहीच."

लेटिसनं चहाची किटली उचलली आणि तशीच परत ठेवली.

"मी सभेत सांगतो," रॉबर्ट म्हणाला. "सगळं."

"नाही सांगायचं."

"बाई, सांगायलाच हवं! सव्वाशे वर्षं तुमच्या घरानं..."

"म्हणूनच नाही. ते ओझं काय असतं ते मला विचार. ते तुझ्या दारात नेऊन टाकायला मी आले नाही. मला नाव हवं होतं, दोषाला बदली माणूस नको होता." श्वासासाठी ती थांबली. "आणि ते चामडं भिंतीवरून काढू नकोस. म्हातारा पोराच्या जागी बसला होता."

सभेला नेहमीची नऊ डोकी होती. रॉबर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "सिमियन रॉचं नाव घाला. त्यानं घाव घातला नव्हता, मी बघून आलोय. कुणी घातला ते विचारू नका." हार्करच असं म्हणाल्यावर कोण विचारतो? शिवाय सगळ्यांची जेवायची वेळ झाली होती. सव्वाशे वर्षांचं भिजत घोंगडं, हात वर करण्याएवढ्या वेळात वाळलं.

टॉमनं आठवड्यात नाव कोरलं. खालची मोकळी जागा अगदी बरोबर भरली.

"तू आधीपासूनच सोडली होतीस," मी म्हणालो.

"दगड पुन्हा पुन्हा कोण उचलणार?" टॉम म्हणाला. "माझी कंबर बघ."

एडनाबाई दगड बसताना आली, खुर्चीवर बसली आणि समारंभ संपेपर्यंत तिनं मोज्याची टाच वळवून घेतली. जाताना दांडी पेटीत ठेवायला दिली. ती त्या निळ्या डागावर बरोबर बसली. लेटिसनं चिठ्ठी बदलली: 'सिमियन रॉ, हार्कसाइड, याची. डाव्या कमरेची.' चूक झाली होती असं तोंडानं म्हणाली नाही, पण अक्षर जरा मोठं काढलं.

बाई त्या हिवाळ्यात गेली. रॉबर्टनं तिची राख मागवून घेतली आणि काळ्या घळीच्या दगडाशी पुरली. विश्वस्त म्हणून त्याला तेवढा अधिकार होता, आणि नसता तरी कुणी विचारलं नसतं.

परवा मी अंडी आणायला त्याच्याकडे गेलो तर चुलीपाशी कुणी उन्हाळी पाहुणे उभे होते. त्यांनी भिंतीवरच्या चामड्याकडे बोट दाखवून नेहमीचा प्रश्न विचारला. रॉबर्टनं माझ्याकडे पाहिलं. मी अंडी मोजत राहिलो.

"आमच्या खापरपणजोबांचे," तो म्हणाला. आवाज चॅपेलमधला नव्हता, अंगणातला होता. "गुडघे दुखायचे त्यांचे. फार."